वॉन का हरला? चार सातू, एक शेत, सोळा वर्षं

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या प्रयोगशेतात गेल्या शतकाच्या तिशीत सातूचे, म्हणजे बार्लीचे, चार वाण एकत्र पेरले गेले. अ‍ॅटलस, क्लब मॅरिऊट, हीरो आणि वॉन ही त्यांची नावं. बी समसमान मिसळलं होतं, प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. पीक आलं की सगळं एकत्र कापायचं, एकत्र मळायचं आणि त्याच राशीतलं बी पुढच्या हंगामात पुन्हा पेरायचं. कुणाला निवडायचं नाही, कुणाला उपटायचं नाही. जे होईल ते होऊ द्यायचं.

असे सोळा हंगाम गेले. कॉइट सुनेसन या पैदासकाराने, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणाऱ्या संशोधकाने, १९४९ साली निकाल छापला. शेतात अ‍ॅटलसचा वाटा ८८ टक्क्यांवर गेला होता. क्लब मॅरिऊट १०.५ टक्क्यांवर तग धरून होता. हीरो ०.७ टक्के. आणि वॉन ०.४ टक्के, म्हणजे हजार रोपांत चार.

एवढंच असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. चार जण एकत्र आले, एक जिंकला. पण हेच चार वाण त्याच वर्षांत वेगवेगळ्या वाफ्यांत, आपापल्याच जातभाईंबरोबर पेरलेले होते आणि त्यांचं उत्पादन मोजलेलं होतं. तिथे सरासरीत पहिला नंबर वॉनचा. पानांवरच्या रोगांच्या बाबतीतही वॉनचीच नोंद सर्वांत चांगली. अ‍ॅटलसचं उत्पादन चौघांच्या मध्यापेक्षा खालीच होतं आणि रोगाची नोंद सगळ्यांत वाईट. शेतकऱ्याने पेरायला वॉन घ्यावा असं वाफ्यांचे आकडे म्हणत होते, आणि शेताने स्वतःच्या मर्जीने अ‍ॅटलस निवडला होता.

गर्दीतल्या वनस्पतींबद्दल बोलायचं झालं की मला नेहमी हे प्रकरण आधी आठवतं. जंगलातल्या उंच झाडांच्या गोष्टी जास्त देखण्या असतात हे खरं. पण इथे चारच पात्रं आहेत, निकाल मोजलेला आहे आणि तो आपल्या अंदाजाच्या बरोबर उलट आहे.

दरवर्षी थोडं थोडं

०.४ टक्के हा आकडा पाहिला की वाटतं, वॉनवर काहीतरी मोठं संकट कोसळलं असणार. हिशेब करून पाहिला तर तसं दिसत नाही. सुरुवातीला वॉन आणि अ‍ॅटलस बरोबरीत होते. सोळा पिढ्यांनी अ‍ॅटलसच्या ८८ रोपांमागे वॉनचं अर्धं रोपही उरलं नाही. हा उतार सोळा हंगामांवर सारखा पसरवला तर दर हंगामाला अ‍ॅटलसच्या एका रोपाने १०० दाणे मागे ठेवले असतील तेव्हा वॉनच्या रोपाने सुमारे ७१ ठेवले, असं निघतं. हीरोचे ७४, क्लब मॅरिऊटचे ८७-८८.

म्हणजे वॉन दरवर्षी जिवंत होता, ओंबी धरत होता, दाणे भरत होता. शेतातून फेरी मारणाऱ्याला तो आजारी किंवा खुरटा वाटलाही नसेल. फक्त शेजाऱ्यापेक्षा त्याचे दाणे दरवर्षी थोडे कमी पडत होते, आणि ते कमी पडणं चक्रवाढ व्याजासारखं साठत गेलं. याच सरासरी दराने चौथ्या वर्षानंतर त्याचा वाटा १२ टक्क्यांवर येतो, आठव्यानंतर साडेचारवर. प्रत्यक्षात प्रत्येक हंगाम सारखा गेला नसणार. पाऊस, थंडी, रोग यांनी दर वरखाली केला असेल, पण एकूण दिशा हीच.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मरणारी रोपं येतात. अतिदाट रोपवाटिकेत किंवा कोवळ्या जंगलात खरंच तसं घडतं. रोपं वाढतात तशी त्यांची संख्या घटत जाते आणि उरलेली मोठी होतात. जपानमधल्या क्योजी योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली या आपोआप होणाऱ्या विरळणीचा नियम मांडला. रोपांची घनता आणि सरासरी वजन यांचा आलेख लॉग कागदावर काढला तर उणे दीड उताराची रेघ मिळते, असं त्यांचं म्हणणं. हा उतार खरंच सगळीकडे दीडच असतो का, यावर पुढे बरीच वादावादी झाली. पण धान्याच्या शेतात नेहमीच्या दाटीला बहुतेक रोपं मरत नाहीत, ती लहान राहतात. सातूच्या रोपाला दोन-तीन पानं आली की बुडातून फुटवे निघू लागतात. जागा असेल तर फुटवे भरपूर, ओंब्या भरपूर. जागा नसेल तर फुटवे निघतात आणि उपाशी राहून वाळून जातात, किंवा निघतच नाहीत. शेजाऱ्याशी हरलेलं रोप एकाच ओंबीवर समाधान मानतं. गर्दीतली हार ही अशी ओंब्यांत आणि दाण्यांत मोजायची असते.

आधी नेहमीचे संशयित

हे प्रकरण ज्यांना ज्यांना मी सांगितलं त्यांचा पहिला अंदाज ठरलेला: वॉनवर रोग पडला असेल. पण रोगाची नोंद त्याचीच बरी होती. दुसरा अंदाज: तिथलं हवामान त्याला मानवलं नसेल. मग त्याच हवामानात शुद्ध वाफ्यात तो पहिला कसा आला? तिसरा: चौघांचा आपसात संकर होऊन ओळख पुसली गेली असेल. सातू स्वपरागी आहे. परागीभवन बहुतेक फूल उघडण्याआधीच आतल्या आत उरकलेलं असतं. म्हणून तर सोळा पिढ्यांनंतरही कोण कुठला हे ओंबी पाहून मोजता आलं.

उरतो तो शेजार. शुद्ध वाफ्यात वॉनच्या चारी बाजूंना वॉन होता. मिश्रणात चारातले तीन शेजारी परके, आणि पुढे पुढे जवळपास सगळेच अ‍ॅटलस. माती तीच, हवा तीच, वाण तोच. बदलली फक्त संगत.

हा निकाल एकटा नव्हता. १९१२ साली नेब्रास्कात ई. जी. माँटगोमेरी यांनी धान्यपिकांवर असेच प्रयोग केले होते आणि एकटं पेरल्यावर चांगलं उत्पन्न देणारा वाण मिश्रणात टिकतोच असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हॅरी हार्लन आणि मेरी मार्टिनी यांनी १९३८ साली सातूच्या ११ वाणांचं मिश्रण अमेरिकेत १० ठिकाणी पेरून काय झालं ते छापलं. ठिकाणागणिक विजेता बदलला. न्यूयॉर्क राज्यात इथाकाला मांचुरिया हा वाण वर आला, मिनेसोटात सेंट पॉलला हॅनशेन. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी होती: थोड्याच वर्षांत कुणीतरी एक जण शेत बळकावून बसला. सुनेसन यांच्या शेतातलं वेगळेपण हे की तिथे हरलेला आणि उत्तम हे दोघे एकच निघाले.

तिसाव्या दिवशी, गुडघ्यांवर बसून

ओंब्यांच्या मोजणीतून निकाल कळतो, झटापट दिसत नाही. ती पाहायची तर दाट पेरलेल्या धान्याच्या शेतात महिन्याभराने गुडघे टेकून बसावं लागतं.

वरून पाहिलं तर एकसारखी हिरवी चादर. पानं हाताने बाजूला सारली की आतली तफावत दिसते. एका रोपाची वरची पानं बोटभर उंच आहेत. शेजारच्याचं सगळ्यांत खालचं पान टोकाकडून पिवळं पडत चाललंय. त्याचा एक फुटवा बारीक, फिकट, सुतळीसारखा. चार बोटांवर तिसरं रोप आहे, त्याच्या अंगावर दोन्हीकडून सावली आहे आणि त्याने फुटवा धरलेलाच नाही. ही तिन्ही रोपं कदाचित एकाच दिवशी उगवलेली, किंवा त्यांच्यात एका दिवसाचा फरक. एका दिवसाने आधी वर आलेलं पान शेजाऱ्याच्या पानावर पडतं, शेजारी मागे राहतो, आणि मागे राहिल्यामुळे आणखी सावलीत जातो.

इथे प्रकाश आणि जमीन यांच्यात एक मोठा फरक आहे. नत्र किंवा पाणी यांवरची झुंज साधारण ज्याच्या त्याच्या मुळांच्या प्रमाणात वाटली जाते. दुप्पट मुळं असतील तर साधारण दुप्पट वाटा. प्रकाश मात्र वरून येतो. जो वर आहे तो आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त घेतो आणि खालच्याला उरलंसुरलं देतो. खालचा वरच्याचं काहीच बिघडवू शकत नाही. जेकब वायनर यांनी या एकतर्फी स्पर्धेवर बरंच काम केलं आहे. दाट वस्तीत रोपांच्या आकारातली दरी वाढत का जाते, मूठभर दांडगी आणि ढीगभर खुरटी अशी विभागणी का होते, याचं मोठं कारण ही एकतर्फी बाजू.

त्यात भर म्हणजे रोपाला शेजारी आधीच कळतो, आणि सावली पडायच्या आत कळतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश बराचसा परतवतं किंवा आरपार जाऊ देतं. त्यामुळे हिरव्या शेजाऱ्याजवळच्या प्रकाशात लालाच्या तुलनेत अतिलाल वाढतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण टिपतं. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याला एका रूपात नेतो, ७३० च्या आसपासचा अतिलाल परत आणतो. अर्जेंटिनातले कार्लोस बायारे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शेजाऱ्याच्या पानांवरून आडवा परावर्तित झालेला अतिलाल प्रकाशही खोडाला पुरतो. प्रत्यक्ष सावली पडलेली नसतानाच खोड लांबायला लागतं.

लांबायला माल लागतो. तो दाण्यांच्या, फुटव्यांच्या, मुळांच्या वाट्यातून जातो. एकट्याने मान उंच केली तर त्याला उजेड मिळतो. सगळ्यांनी केली तर पुन्हा सगळे बरोबरीला, फक्त प्रत्येकाच्या खोडात जास्त काड आणि ओंबीत कमी दाणे. वर पीक लोळायची भीती वेगळीच.

वाटणीचं शेत

शेतावर पडणारा प्रकाश ठरलेला असतो. इथे क्षणभर थांबून शिनोझाकी आणि किरा या जपानी संशोधकांचा १९५६ चा निष्कर्ष आठवायला हवा. एका ठरावीक दाटीच्या पुढे तुम्ही कितीही बी टाका, एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. दुप्पट रोपं, प्रत्येकी निम्मं वजन. भाकरी एवढीच आहे, फक्त तुकडे बदलतात. मग प्रश्न उरतो दोनच: कुणाला किती तुकडा मिळतो, आणि तुकड्यावरून चाललेल्या ओढाताणीत भाकरीचा किती भाग मातीत पडतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅटलस. दुसऱ्या प्रश्नाचं वॉन. शेजारी ओढाताण करणारा नसला की वॉनचा माल दाण्याकडे वळतो, आणि शेताचं एकूण उत्पन्न वाढतं. पण शेजारी ओढणारा असला की वॉनचा तुकडा लहान होतो. त्यामुळे वॉनच्या शेतात शिरलेला एकटा अ‍ॅटलस मजेत असतो, अ‍ॅटलसच्या शेतात अडकलेला एकटा वॉन हालात, आणि सगळेच अ‍ॅटलस झाले की प्रत्येक जण वॉनच्या शेतातल्या वॉनपेक्षा कमी पिकवतो. ही अवस्था कुणाच्याच फायद्याची नाही, तरी शेत तिथेच जाऊन थांबतं.

जमिनीखालचं एक उदाहरण याला जोडून सांगितलं जातं. २००१ साली सोयाबीनवर झालेल्या प्रयोगात दोन रोपांना एक मोठी सामाईक कुंडी दिली, आणि दुसरीकडे दोन रोपांना निम्मी निम्मी स्वतंत्र जागा. सामाईक कुंडीतल्या रोपांनी ८५ टक्के जास्त मुळं काढली. स्वतंत्र जागेतल्यांनी ३० टक्के जास्त दाणे दिले. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, पण पुढे त्यावर रास्त आक्षेप आले: सामाईक कुंडीत प्रत्येक मुळाला पसरायला मिळणारी जागा दुप्पट होती, आणि मोठ्या कुंडीत मुळं तशीही जास्त वाढतात. शेजाऱ्याचा परिणाम कुठला आणि कुंडीचा कुठला, हे वेगळं करणं अवघड आहे. म्हणून मी हा प्रयोग पुरावा म्हणून वापरत नाही, कल्पना समजून घेण्यापुरता वापरतो.

भातात हेच पुन्हा

अ‍ॅटलसने नेमकं कशाच्या जोरावर शेत जिंकलं, उंचीच्या, पानांच्या की मुळांच्या, हे नुसत्या मोजणीतून निघत नाही. भातात मात्र तेच नाटक सगळी पात्रं ओळखून पाहता आलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज आणि सहकारी बुटक्या भातावर काम करत होते. उंच पेटा आणि तैवानी बुटका डी-जिओ-वू-जेन यांच्या संकरातून १९६६ साली आयआर ८ आला. आखूड, ताठ खोड, उभी पानं, नत्र दिलं तरी न लोळणारं पीक.

मग जेनिंग्ज यांनी उंच आणि बुटके वाण मिसळून पेरले. थोड्याच हंगामांत उंच, पसरट पानांच्या भाताने बुटक्यांना जवळपास हुसकावून लावलं. शुद्ध शेतात उत्पन्नाचा क्रम याच्या उलट. संकराच्या पिढ्या एकत्र वाढवल्या तिथेही बुटकी रोपं कमी कमी होत गेली. ज्या बुटक्या रोपावर पुढची सगळी उत्पन्नवाढ अवलंबून होती, तेच निसर्गाच्या हाती सोडलं असतं तर पाच-सहा पिढ्यांत दिसेनासं झालं असतं.

हे प्रसिद्ध झालं १९६८ साली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला कॉलिन डोनाल्ड यांनी आदर्श गव्हाचं चित्र मांडलं: आखूड खोड, फुटवा नाही, थोडी, लहान, उभी पानं, एक मोठी ताठ ओंबी. आणि सगळ्यात धाडसाची अट अशी की हे रोप कमकुवत स्पर्धक असलं पाहिजे. शेजाऱ्याच्या वाटेला जाणार नाही असं. गंमत म्हणजे सामाईक कुरणाची शोकांतिका, म्हणजे सगळ्यांच्या कुरणात प्रत्येकाने आपली गुरं वाढवली की कुरणच संपतं ही गोष्ट, मांडणारा गॅरेट हार्डिन यांचा गाजलेला लेखही त्याच वर्षीचा. तिघे वेगवेगळ्या विषयांतले, आणि तिघांपुढे एकच कोडं.

माझ्या मते डोनाल्ड यांच्या अटीत वनस्पतींच्या सहकार्याची सगळ्यात काटेकोर व्याख्या आहे. सहकार्य म्हटलं की लोकांना मुळांतून साखर पाठवणारी झाडं, इशारे देणारी पानं आठवतात. पिकात सहकार्य त्याहून साधं आणि नीरस असतं. ते म्हणजे न ओढणं. उंच व्हायची मुभा असूनही उंच न होणं.

गुन्हेगार मळणीही असू शकते

इथे एक प्रश्न विचारायला हवा, जो मला बरेच दिवस सुचला नव्हता. न ओढणारं रोप निसर्गात कधी टिकूच शकत नाही का?

सुनेसन यांच्या शेतात दरवर्षी काय होत होतं ते पुन्हा पाहू. सगळं पीक कापलं, एकत्र मळलं, राशीत मिसळलं, त्यातून पुन्हा पेरलं. एखाद्या कोपऱ्यात योगायोगाने पाच-सहा वॉन शेजारी शेजारी आले आणि त्यांनी दाणे छान भरले, तरी तो फायदा पुढच्या वर्षी शेतभर विखुरला. वॉनला वॉनची संगत मिळण्याची शक्यता दरवर्षी पुन्हा शून्यापासून सुरू. आणि त्याचा वाटा घटेल तशी ती आणखी कमी होत गेली. तो जसजसा दुर्मीळ झाला तसतसा एकाकी होत गेला.

रानात बी बहुधा आईच्या पायाशी पडतं. शेजारी अनेकदा भावंडंच असतात. तिथे वॉनसारख्या रोपाचा एक पट्टा तयार होईल. आत वॉनला वॉनचाच शेजार, लढाई फक्त कडेला. अशा वेळी संयमाचा फायदा संयम करणाऱ्याच्याच घरात राहतो. पण यातही एक ग्यानबाची मेख आहे. बी आईपाशीच पडत असेल तर भावंडं जागेसाठी एकमेकांशीच भांडतात. जास्त दाणे झाले तरी ते पडणार त्याच भरलेल्या पट्ट्यात. जास्त दाण्यांचा फायदा बाहेर सांडला नाही तर पट्टा वाढत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना कितपत छेद देतात, त्यावर संयम टिकतो की नाही हे ठरतं.

रोपं भावंडं ओळखतात का, हा त्याला लागून असलेला प्रश्न. सुझन डडली आणि अमांडा फाइल यांनी २००७ साली समुद्रकाठच्या काकिले या रानरोपावर प्रयोग केला. परक्यांबरोबर एका कुंडीत वाढलेल्या रोपांनी मुळांवर जास्त खर्च केला, भावंडांबरोबर वाढलेल्यांनी कमी. पुढे इतर जातींत कुठे असं दिसलं, कुठे नाही. सातूच्या त्या शेतात तर ओळख असूनही उपयोग नव्हता. वॉनच्या आजूबाजूला ओळखायला भाऊ उरलेच नव्हते.

मग मिश्रण वाईटच का

इथवर वाचून कुणी म्हणेल, सरळ एकच वाण पेरा, विषय संपला. पण वाण मिसळणं हा गुन्हा नाही, मिश्रण स्वतःच्या हाती सोडणं हा आहे. चीनच्या युनानमध्ये भाताच्या मोठ्या प्रयोगात करपा रोगाला बळी पडणारा चिकट भात, रोगाला तोंड देणाऱ्या संकरित भाताच्या ओळींमध्ये लावला. २००० साली आलेल्या निकालानुसार त्या नाजूक भातावरचा करपा ९४ टक्के कमी झाला आणि त्याचं उत्पादन एकट्याने लावल्यापेक्षा ८९ टक्के जास्त आलं. रोगाच्या बीजाणूला पुढचं लायक रोप सहज सापडलं नाही, आणि उंच चिकट भाताच्या भोवती हवा, ऊन आणि कोरडेपणा राहिला.

दोन प्रयोगांत फरक एका गोष्टीचा आहे आणि ती वाणांपेक्षा मोठी आहे. युनानमध्ये दरवर्षी ओळी नव्याने, ठरलेल्या प्रमाणात लावल्या जातात. चिकट भात वेगळा कापला जातो, वेगळा ठेवला जातो. एका हंगामात कोण कुणाला ढकलतो याचा हिशेब पुढच्या हंगामात पोचतच नाही. डेव्हिसला तो पोचत होता, सोळा वेळा.

तणाच्या बाबतीत तर दाटी चक्क उपयोगी पडते. डेन्मार्कमध्ये वायनर आणि सहकाऱ्यांनी गहू ओळींऐवजी चौकटीत, सारख्या अंतरावर आणि दाट पेरला. दोन्ही गोष्टींनी तण दबलं. ओळींमध्ये गहू एकमेकांच्या उरावर असतो आणि मधली पट्टी तणाला मोकळी मिळते. सारख्या अंतरावर गहू एकमेकांशी उशिरा भिडतो आणि तणाशी लवकर. इथे प्रत्येक रोपाच्या मागे ढकलाढकलीची तीच जुनी ताकद आहे, फक्त आता ती बाहेरच्याकडे वळवलेली. आपसात न भांडता बाहेरच्याशी भांडणारं पीक हवं असेल तर रोपं किती आणि कुठे, हे पेरणाऱ्याला ठरवावं लागतं.

सुनेसन यांचा दुसरा डाव

त्या काळी बऱ्याच पैदासकारांची पद्धत अशी होती: संकराची सगळी पिल्लावळ काही पिढ्या एकत्र पेरत राहायची, निसर्गाला चाळणी लावू द्यायची, मग उरलेल्यांतून निवड करायची. काम कमी, खर्च कमी. वॉनच्या हारीने या पद्धतीला मोठा धक्का दिला. चाळणीने उत्तम बी जमिनीवर सांडायचं आणि दांडगं बी वर ठेवायचं, असंही होऊ शकतं. पुढे प्रत्येक रोपाचा एकच दाणा पुढच्या पिढीत न्यायची पद्धत रुजली. तिचं एक मोठं आकर्षण हेच की रोपाने गर्दीत कितीही दाणे केले तरी वाटा सगळ्यांचा सारखाच.

पण हेच सुनेसन १९५६ साली उलट दिशेने बोलताना दिसतात. सातूच्या अनेक वाणांचे संकर एकत्र करून, त्या मिश्र वस्तीला १५-१५ पिढ्या किंवा त्याहून जास्त नैसर्गिक निवडीखाली ठेवायचं, असा त्यांचा प्रस्ताव होता. हार्लन यांनी तयार केलेल्या अशाच एका वस्तीत २८ वाणांचे आपसातले ३७८ संकर होते. पुढे रॉबर्ट अ‍ॅलार्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डेव्हिसलाच या वस्त्यांवर दशकानुदशकं काम केलं.

स्वतःच्याच निकालाकडे पाठ फिरवली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. चार ठरलेल्या वाणांत निवडीला फक्त चार पर्याय होते, त्यात दांडगा निवडणं भागच होतं. शेकडो संकरांच्या वस्तीत रोगाला तोंड देणं, त्या जागेच्या पावसाला जुळणं, वेळेवर फुलणं अशा कितीतरी गोष्टींवर निवड चालू असते, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टी एकट्या रोपाला आणि संपूर्ण शेताला सारख्याच फायद्याच्या असतात. एकट्याचं हित आणि शेताचं हित जिथे वेगळं होतं ती बाब उंची, पसारा आणि ओढाताणीची. तिथे मात्र निसर्गावर सोपवून चालत नाही, जेनिंग्ज यांनी भातात दाखवलं तसं उंच रोपं हाताने काढावी लागतात.

आजही वाणांच्या चाचण्यांमध्ये उत्पादन मोजताना वाफ्याच्या कडेच्या ओळी सोडून देतात. शेजारच्या वाफ्यात उंच वाण असेल तर त्याची सावली या कडेवर पडते, आणि तो उंच वाण स्वतःच्या कडेला फुकटचा उजेड खाऊन जातो. कापणीच्या दिवशी त्या दोन ओळी आधी कापून बाजूला टाकतात, आणि मग आतलं पीक तराजूवर जातं.